तुम्ही विचारलेत म्हणून: व्याजदर उतरेपर्यंत थांबावे का?

एका नागरी सहकारी बँकेच्या कर्ज विभागात मी ३१ वर्षे काढली आणि २०१८ मध्ये निवृत्त झाले. तेव्हापासून नात्यातल्या प्रत्येक लग्नाकार्यात कोणी ना कोणी मला बाजूला घेऊन तोच प्रश्न विचारते: घर आता घ्यावे, की व्याजदर आणखी उतरेपर्यंत थांबावे? मी ‘मला सांगता येणार नाही’ असे म्हणाले की समोरच्याचा चेहरा पडतो. बाई हातचे राखून बोलतात, आयुष्य कर्जे मंजूर करण्यात गेले आणि आता एवढे साधे सांगत नाहीत, असे माझ्यामागे बोलले जाते हे मला माहीत आहे. म्हणून एकदाच नीट लिहिते. रेपो दर म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना उसने पैसे देते तो, आणि तो बदलला की बदलत्या दराच्या कर्जाचे व्याजही बदलते, हे विचारणाऱ्यांना ठाऊकच असते. त्याहून जास्त सांगत बसत नाही.

एके काळी मी ठामपणे सांगत असे. डिसेंबर २०२० मध्ये माझ्या बहिणीच्या मुलीने पुण्याजवळच्या रावेतमध्ये ६२ लाखांची सदनिका पाहिली होती. पूर्णत्वाचा दाखला मिळालेली इमारत, दोन खोल्या आणि हॉल, मुलीची शाळा जवळ. ती आणि जावई डळमळत होते. मीच त्यांना म्हणाले, की रेपो दर ४ टक्क्यांवर आहे, इतके स्वस्त कर्ज मी माझ्या नोकरीत पाहिलेले नाही, शिवाय राज्य सरकारची मुद्रांक शुल्कातली ३ टक्क्यांची सवलत ३१ डिसेंबरनंतर २ टक्क्यांवर येते आहे. म्हणजे ६२ हजार रुपये नुसत्या उशिरापायी हातचे जातील. जावयाने विचारले, ‘मावशी, दर पुढे वाढला तर?’ मी उत्तर दिले, ‘वाढून वाढून किती वाढेल, फार तर एक टक्का.’ हे वाक्य मी आजही विसरलेले नाही. ५० लाखांचे कर्ज झाले, रेपोवर २.८० टक्के अधिक म्हणजे ६.८० टक्के दराने, २० वर्षांसाठी. हप्ता ३८,१६७ रुपये.

४ मे २०२२ रोजी, रेपो दर ठरवणाऱ्या पतधोरण समितीची ठरलेली बैठक नसताना, रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर शक्तिकांत दास यांनी दुपारी दूरचित्रवाणीवर येऊन रेपो दर ०.४० टक्क्यांनी वाढवल्याचे जाहीर केले. एलआयसीच्या समभागांची विक्री त्याच दिवशी सुरू झाली होती आणि घरात सगळे त्याच गप्पांत होते. जूनमध्ये दर पुन्हा वाढला, मग ऑगस्टमध्ये, सप्टेंबरमध्ये, डिसेंबरमध्ये. फेब्रुवारी २०२३ मध्ये रेपो ६.५० टक्क्यांवर पोहोचला. नऊ महिन्यांत अडीच टक्के.

हप्ता मात्र तेवढाच राहिला होता, म्हणून भाचीला वाटले की आपल्याला झळ बसलेली नाही. बँकेने हप्ता न वाढवता मुदत वाढवली होती आणि तसा संदेशही पाठवला होता. पण असे संदेश कोण वाचतो? एप्रिल २०२३ मध्ये एका रविवारी मी तिच्याकडे जेवायला गेले होते. जेवणे झाल्यावर तिने कर्जखात्याचा छापलेला उतारा माझ्यापुढे ठेवला. मुलीच्या जांभळ्या स्केचपेनने तिने शेवटच्या ओळीतल्या एका आकड्याभोवती गोल काढला होता. तो मुद्दलाचा रकाना होता. ३८,१६७ रुपयांच्या हप्त्यापैकी ३७ हजारांहून जास्त व्याजात गेले होते आणि मुद्दलात जमा झाले होते जेमतेम अकराशे रुपये. २६ हप्त्यांत मिळून तिने ९ लाख ९२ हजार रुपये भरले होते आणि कर्ज उतरले होते सुमारे २ लाख १० हजारांनी. ती मला दोष देत नव्हती. तिने एवढेच विचारले, ‘मावशी, हे बरोबर आहे का? काहीतरी चुकलंय ना बँकेचं?’

बँकेचे काहीही चुकलेले नव्हते. मी कागदाच्या पाठीमागे हिशेब मांडला आणि तो तिला वाचून दाखवताना माझाच घसा कोरडा पडला. रेपो ६.५० अधिक २.८० म्हणजे ९.३० टक्के दराने याच हप्त्यात कर्ज फिटायला आणखी ३८ वर्षांहून जास्त लागणार होती, आणि तेवढी मुदत कोणतीही बँक देत नाही. मुदत एकूण ३० वर्षांपर्यंत ताणली तरी हप्ता ४० हजारांवर जात होता. ठरल्याप्रमाणे २०४१ च्या सुरुवातीला मोकळे व्हायचे असेल, तर दरमहा ४५,९०० रुपये भरायला हवे होते. वरचे पावणेआठ हजार आणायचे कुठून? तिने मुलीच्या नावे दरमहा भरत असलेली रिकरिंग ठेव त्याच महिन्यात मोडली. जावई बाल्कनीत जाऊन उभे राहिले आणि बराच वेळ आत आले नाहीत.

या प्रसंगावर माझ्याजवळ बचाव आहे, आणि तो खोटा नाही. त्या दिवशी मी दिलेला प्रत्येक आकडा खरा होता. युक्रेनचे युद्ध कोणाला दिसत नव्हते. एप्रिल २०२२ मध्ये किरकोळ महागाई ७.७९ टक्क्यांवर जाईल असे २०२० मध्ये मला सांगणारा कोणी भेटला नव्हता. हे सगळे मी स्वतःला कितीतरी रात्री समजावले आहे. पण त्याच वेळी मला हेही आठवते, की २००४ मध्ये मी स्वतः साडेसात टक्क्यांनी घरासाठी कर्ज घेतले होते आणि २००८ मध्ये तेच सव्वाअकरावर गेले होते. मी ते सोसले होते, त्यापायी दोन वर्षे एकही दागिना केला नव्हता. आणि तरीही जावयाला मी ‘फार तर एक टक्का’ म्हणाले. माहिती नव्हती असे मी कोणत्या तोंडाने म्हणू?

दुधाने तोंड पोळले तशी मी मग ताकही फुंकू लागले. २०२३ मध्येच शेजारच्या एका मुलाला मी उलट सल्ला दिला: थांब, दर कधी ना कधी उतरतीलच. दर खरोखरच उतरले. फेब्रुवारी २०२५ पासून डिसेंबर २०२५ पर्यंत रेपो ६.५० वरून ५.२५ वर आला. पण तो जे ७० लाखांचे घर पाहत होता, तसेच घर आता ८० लाखांना आहे. तेव्हा ५६ लाखांच्या कर्जाचा २० वर्षांचा हप्ता ९.३० टक्क्यांनी साधारण ५१,५०० आला असता. आज ६४ लाखांवर ८.०५ टक्क्यांनी तो ५३,७०० येतो. सव्वा टक्का उतरला, भाव दहा लाखांनी चढला, आणि थांबण्याचा सगळा फायदा त्यात वाहून गेला. तो मुलगा आता जिन्यात भेटला की मला नमस्कार करतो, पण थांबत नाही.

दर वाढले की घरे स्वस्त होतात आणि दर उतरले की महाग होतात, हे समीकरण मी प्रशिक्षणवर्गांत नव्या लोकांना शिकवले आहे. पुण्यामुंबईत मी त्याच्या उलट पाहिले. जानेवारी २०१४ मध्ये रेपो ८ टक्के होता, ऑक्टोबर २०१९ पर्यंत तो ५.१५ वर आला. पण त्या काळात भाव थिजलेलेच राहिले, कारण विकल्या न गेलेल्या घरांचा साठा पडून होता, नोटाबंदी झाली, बिल्डरांवर नियंत्रण आणणारा रेरा कायदा आला आणि बिल्डरांना मिळणारा पैसा आटला. पुढे २०२२-२३ मध्ये दर अडीच टक्क्यांनी चढले आणि भावही चढत गेले, कारण पगार वाढले होते आणि घरून काम करणाऱ्यांना एक खोली जास्त हवी होती. व्याजदर हा भावाच्या अनेक कारणांपैकी एक आहे. डिसेंबर २०२४ च्या बैठकीत पतधोरण समितीच्या सहा सदस्यांपैकी दोघांनी कपातीच्या बाजूने मत दिले आणि चौघांनी दर कायम ठेवला. सगळे आकडे समोर असलेल्या त्या सहा जणांचे दोन महिन्यांपुरते एकमत होत नाही, तर २० वर्षांचे मी लग्नाच्या पंगतीत कसे सांगावे?

तरीही विचाराल, तर मी तुम्हाला उलट प्रश्न विचारीन: आजच्या दरात अडीच टक्के मिळवून येणारा हप्ता तुम्हाला झेपतो का? दर वाढल्यावर हप्ता वाढवायचा की मुदत, हे निवडण्याचा हक्क रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२३ च्या आदेशाने कर्जदाराला मिळाला आहे. तो तुम्ही वापरणार आहात का? बदलत्या दराच्या गृहकर्जात मुद्दल आधी भरल्यास दंड लागत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे का? हे विचारले की लोक कंटाळतात. त्यांना ‘घ्या’ किंवा ‘थांबा’ यांपैकी एक शब्द हवा असतो, आणि त्यांचा राग येत असला तरी मला ते समजते, कारण तो शब्द देताना मलाही बरे वाटत असे.

भाचीच्या इमारतीत गेल्या वर्षी तशीच सदनिका ८५ लाखांना विकली गेली. बहीण म्हणते, बघ, तुझा सल्ला शेवटी बरोबरच ठरला. मला हे पटवून घ्यायला आवडेल. पण भाची त्या घरात राहते, ती ते विकणार नाही, आणि मोडलेली रिकरिंग काही परत येत नाही. दर उतरल्यावरही तिने हप्ता कमी करून घेतला नाही. तोच ४५,९०० भरते, आणि या महिन्याच्या उताऱ्यात मुद्दलाच्या रकान्यात सोळा हजारांवर आकडा आहे. तिने तो मला मोबाइलवर पाठवला, सोबत एक शब्दही न लिहिता. मागच्या आठवड्यात जावयांनी विचारले, की पुढच्या बैठकीत दर आणखी उतरेल का. मी म्हणाले, मला सांगता येणार नाही. ते हसून गप्प बसले, आणि माझे उत्तर त्यांना खरे वाटले की नाही, हे मला अजून कळलेले नाही.