आमची वाटचाल : संस्थांचा कारभार बघणारी छोटी फर्म

ओळख करून दिली की पुढचा प्रश्न ठरलेला, "म्हणजे तुम्ही सीए का?" नाही. "मग वकील?" तेही नाही. मग समोरचा जरा गोंधळतो आणि विषय पावसावर नाहीतर द्राक्षाच्या भावावर जातो. तर एकदा लिहूनच टाकते. नाशकात आमची छोटी फर्म आहे, मी आणि सर, आणि आता ऑफिसात आणखी तिघं. काम म्हणजे सामाजिक संस्था, ट्रस्ट आणि ग्रामपंचायती यांचा कारभार नीट बसवून देणं. हिशोब सीए बघतात, भांडण वकील बघतात, आणि या दोघांकडे जायच्या आधी जे व्हायला पाहिजे होतं, म्हणजे नोटीस, सभा, कोरम (सभेला लागणारी किमान हजेरी), ठराव, चेकवर कोणाची सही, कॉन्ट्रॅक्ट ज्याला दिलं तो कोणाचा भाचा, ते आमच्याकडे येतं. बरेचदा उशिरा येतं तो भाग वेगळा.

नाशिकला संस्था काही नवीन नाहीत. सार्वजनिक वाचनालय 1840 चं, मविप्र (मराठा विद्या प्रसारक) 1914 ची, आणि मविप्रची निवडणूक लागली की जिल्ह्यात विधानसभेइतकी चर्चा असते. म्हणजे सभासद, घटना, पॅनेल हे शब्द इथे घराघरात माहीत आहेत. पण मोठ्या संस्थांकडे स्वतःचा स्टाफ असतो, कायदा सल्लागार असतात. आमचं गिऱ्हाईक म्हणजे एका खोलीत चालणारी, दोन-तीन माणसांच्या जिवावर उभी असलेली एफ नंबरची (धर्मादाय कार्यालयात सोसायटी म्हणून नोंदलेली) संस्था.

मी आधी पेठ-सुरगाण्याकडे काम करणाऱ्या एका संस्थेत अकाउंट आणि रिपोर्टिंग बघायचे. काम सोन्यासारखं होतं हो, पाणी, शाळा, बियाणं, सगळं जमिनीवर. पण एकदा एका फंडरने विश्वस्तांची अधिकृत यादी मागितली आणि मी धर्मादाय कार्यालयातून शेड्यूल 1 ची, म्हणजे विश्वस्तांच्या सरकारी नोंदीची, नक्कल काढून आणली, तर त्यावरचे काही जण वारलेले, एक जण पुण्याला मुलाकडे गेलेला, आणि जे प्रत्यक्षात संस्था चालवत होते त्यातल्या निम्म्यांची नावंच नाहीत. आपल्याकडे सोसायटी 1860 च्या कायद्याखाली नोंदली तरी तिला 1950 च्या ट्रस्ट कायद्याखालीही नोंद करावी लागते (2012 नंतर त्याचं नाव महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम झालं, तरी सगळे अजून बीपीटी अॅक्टच म्हणतात) आणि विश्वस्तांमध्ये बदल झाला की कलम 22 प्रमाणे 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट द्यायचा असतो. तो दिला नाही की कागदावर जुनीच मंडळी विश्वस्त राहतात. आणि मागचा चेंज रिपोर्ट मंजूर नसला की पुढचाही अडकतो, कारण नवीन लोकांना ज्यांनी निवडलं त्यांचीच निवड अजून नोंदलेली नसते. अशा साखळ्या वीस-वीस वर्षांच्या बघितल्यात.

सर भेटले मुक्त विद्यापीठातल्या एका ट्रेनिंगला. ते स्थानिक निधी लेखापरीक्षेतून रिटायर झालेले, सगळी नोकरी जिल्हा परिषद, पंचायत समित्या, नगरपालिका यांचे आक्षेप काढण्यात गेलेली. मी म्हणलं सर, संस्थांमध्ये पण हेच आहे, ते म्हणाले मॅडम, सगळीकडे हेच आहे. 2012 ला अशोक स्तंभाजवळ एका झेरॉक्सच्या दुकानाच्या वर खोली घेतली. भाडं कमी आणि खाली झेरॉक्स, आमच्या धंद्याला अजून काय लागतं.

सुरुवातीला फक्त फॉर्म भरायची कामं यायची. आणि जवळपास प्रत्येक फोनचा शेवट एकच, "ताई, तीन वर्षांच्या सभा तेवढ्या लिहून द्या ना, सह्या मी आणतो." इथे सरांनी पहिल्याच महिन्यात नियम केला की प्रोसिडिंग बुक (सभांची नोंदवही) आपण लिहायचं नाही. कच्चा नमुना देऊ, ठराव कसा मांडायचा, सूचक-अनुमोदक कुठे लिहायचे, सगळं शिकवू, पण पुस्तकात पेन टेकवायचं ते त्या संस्थेच्या सचिवाने, आणि सभा झाली असेल तरच. मागच्या तारखेचं काहीही नाही. मला तेव्हा वाटलं होतं, एवढं कडक राहून धंदा चालायचा कसा.

सरांचं कारण साधं होतं, त्यांनी आयुष्यभर अशी पुस्तकं तपासली होती. एकाच पेनाने, एकाच बसणीत लिहिलेल्या वर्षभराच्या सभा त्यांना पान उलटतानाच कळायच्या. प्रत्येक सभेला तेच हजर, त्याच क्रमाने सह्या, आणि एखादे गृहस्थ त्या तारखेला दवाखान्यात अॅडमिट. जोवर संस्थेत गोडीगुलाबी आहे तोवर हे खपतं. पण ज्या दिवशी दोन गट पडतात, बहुतेक वेळा जागेवरून किंवा शाळेतल्या भरतीवरून, त्या दिवशी समोरचा गट चेंज रिपोर्टवर हरकत घेतो, चौकशी लागते, आणि मग ते पुस्तक पुरावा म्हणून समोर येतं. कलम 41 ड खाली धर्मादाय आयुक्तांना विश्वस्ताला निलंबित करायचे, काढून टाकायचे अधिकार आहेत, हे बऱ्याच जणांना तेव्हाच पहिल्यांदा कळतं.

मग करायचं काय? तर आज सभा घ्या. संस्थेच्या घटनेत, म्हणजे नियमावलीत, जितक्या दिवसांची नोटीस लिहिलीय तितक्या दिवसांची द्या, पोस्टाने म्हणलं असेल तर पोस्टाने, पोचपावती फाईलला लावा, आणि पहिलाच विषय असा घ्या की मधल्या काळात सभा झाल्या नाहीत किंवा त्यांची नोंद ठेवली गेली नाही, जे आहे ते. मग निवड करा, आणि उशीर माफ करण्याच्या अर्जासह चेंज रिपोर्ट दाखल करा. उशीर झाला तर कारण सांगता येतं, खोटी सभा निघाली तर काय सांगणार? हे ऐकून बरेच जण उठून जायचे. आठवड्यात सगळं "तयार" करून देणारे लोक मार्केटमध्ये होते आणि आहेत, आमच्यापेक्षा स्वस्त पण आहेत. पहिली दोन वर्षं ऑफिस खरं सांगायचं तर सरांच्या पेन्शनवर चाललं. मात्र उठून गेलेल्यांपैकी काही जण दोन-तीन वर्षांनी हातात नोटीस घेऊन परत आले, त्यांची फी आम्ही जास्त लावली, त्यात मला अजिबात वाईट वाटत नाही.

कोरमबद्दल एक सांगते, कारण यावर रोज फोन असतो. बहुतेक घटनांमध्ये छापील कलम असतं की कोरम नसेल तर सभा अर्धा तास तहकूब करायची आणि मग त्याच ठिकाणी घ्यायची, तेव्हा कोरमची गरज नाही. काही संस्थांनी याची सवयच लावून घेतलीय, पाच माणसं येतात, चहा होतो, अर्धा तास झाला की चालू. नियमात बसतं, पण अशा सभेत अजेंड्यावर जे होतं तेवढंच घ्यायचं असतं, "आयत्या वेळचे विषय" म्हणून जमीन भाड्याने द्यायचा ठराव करायचा नसतो. एका ठिकाणी नेमकं तेच चाललं होतं, हॉल लांबच्या मुदतीने द्यायचा घाट. बिगरशेती जागा किंवा इमारत 3 वर्षांच्या वर भाडेपट्ट्याने द्यायची तर कलम 36 प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते, शेतजमिनीला 10 वर्षांच्या वर. सर सभेत उठून एवढंच म्हणाले की परवानगी कोण आणणार ते ठरावात लिहा. विषय तिथेच पुढे ढकलला.

खरा पैसा आला तो सीएसआरमुळे, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामावर करायच्या खर्चामुळे. कंपनी कायदा 2013 चं कलम 135 एप्रिल 2014 पासून लागू झालं. 500 कोटी नेटवर्थ किंवा 1000 कोटी उलाढाल किंवा 5 कोटी नफा, यातलं एक जरी असलं तरी मागच्या 3 वर्षांच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के खर्च करायचे. अंबड, सातपूर, सिन्नरच्या कंपन्यांमधले एचआरवाले एकदम संस्था शोधायला लागले, आणि शोधली की भीती, ही संस्था खरी का? त्यांना 12 ए (संस्थेला इन्कम टॅक्सची सूट), 80 जी (देणगीदाराला सूट), तीन वर्षांचे ऑडिट हे कागद मिळायचे, पण कागद सगळे देतात. आम्ही जाऊन बघायचो की बोर्डावर एकाच घरचे किती, ऑफिसची जागा अध्यक्षांचीच असून संस्था त्यांनाच भाडं देते का, दिलं तर तो ठराव करताना अध्यक्ष खोलीबाहेर गेले होते का, आणि सगळ्यात आवडता प्रश्न, खजिनदाराला बँकेत शिल्लक किती ते विचारायचं, फाईल न बघता. एक पथ्य पाळलं, ज्या संस्थेला सल्ला देतो तिची तपासणी कंपनीसाठी करायची नाही. नाशिक एवढंसं आहे, सगळे एकमेकांना ओळखतात, त्यामुळे हे पाळताना चांगली कामं सोडावी लागली.

ग्रामपंचायतींचं काम 2015 पासून वाढलं. चौदाव्या वित्त आयोगाचा पैसा थेट ग्रामपंचायतीच्या खात्यावर यायला लागला, आराखडा गावाने करायचा, आणि त्याच वर्षी आदिवासी उपयोजनेचे 5 टक्के पेसा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जास्त अधिकार देणारा कायदा) ग्रामपंचायतींना थेट द्यायचा निर्णय झाला. आपल्या जिल्ह्यात पेठ, सुरगाणा, कळवण हे मोठे पेसा तालुके, शिवाय दिंडोरी, त्र्यंबक, इगतपुरीकडची गावं. पेसात पाड्याची सुद्धा स्वतंत्र ग्रामसभा असू शकते आणि पैशाचा निर्णय ग्रामसभेने घ्यायचा, खातं ग्रामसभा कोष समितीने बघायचं. आमचं काम त्या समितीच्या लोकांना कॅशबुक, पासबुक आणि ठराव यांचा मेळ शिकवणं.

इथे माझंच शिक्षण जास्त झालं. 26 जानेवारीची ग्रामसभा सगळ्यांना माहीत, पण सुरगाण्याच्या कितीतरी पाड्यांवर त्या दिवशी माणूसच नसतं, सगळे दिंडोरी-निफाडला द्राक्षाच्या बागांवर कामाला. घरी राहिलेले म्हातारे आणि लहान पोरं यांच्या साक्षीने आराखडा मंजूर. मग आम्ही महत्त्वाचे विषय पावसाळ्यात, लोक गावात असताना, संध्याकाळी घ्यायला सांगायला लागलो. महिलांची सभा ग्रामसभेच्या आधी घ्यायची हे कायद्यातच आहे, पण घेतली जायची नुसती वहीत. एका पाड्यावर ती खरोखर झाली तेव्हा एक बाई उभी राहिली आणि म्हणाली, काय करायचं ते मागून विचारा, आधी पैसं किती आलंय ते सांगा. ग्रामसेवकाकडे आकडा नव्हता. तो यायला आठवडा लागला, पण आला, आणि पुढच्या वेळी फळ्यावर लिहूनच ठेवला होता. आमच्या सगळ्या पीपीटीपेक्षा तो फळा कामाचा.

सरकारी कामात धंद्याचं गणित मात्र अवघड. टेंडरला उलाढालीची अट अशी असते की आमच्यासारखे दारातच अडतात, मग मुंबईच्या मोठ्या फर्मच्या हाताखाली सब-कन्सल्टंट व्हायचं. गावात आम्ही जायचं, रिपोर्ट इंग्रजीत त्यांनी करायचा, आणि आमचं बिल "वरून फंड आला की". मार्च एन्डला पैसे येतील या भरवशावर आम्ही एकदा दिवाळीचा बोनस कबूल केला होता, तो होळीनंतर दिला.

2020 विसरण्यासारखं नाही. लॉकडाऊन होताच, त्यात सप्टेंबरला एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचा कायदा, बदलला. परदेशी देणगी फक्त दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मेन ब्रँचच्या खात्यातच घ्यायची, प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 वरून 20 टक्के, आणि एका संस्थेने दुसरीला परदेशी पैसा द्यायला पूर्ण बंदी. शेवटचं सगळ्यात जड गेलं, कारण पेठसारख्या ठिकाणच्या लहान संस्था मोठ्या संस्थांमार्फतच चालायच्या. आमचेही क्लायंट गेले, काही संस्थाच बंद झाल्या. त्या काळात सभा झूमवर घ्यायला लागले आणि कोणाच्याच घटनेत ऑनलाईन सभेचा शब्द नाही. घटनादुरुस्तीची कामं करून आम्ही ते वर्ष काढलं. पुढे एप्रिल 2021 पासून 12 एबी (जुन्या 12 ए च्या जागी), 80 जी, सगळ्यांची नव्याने नोंदणी, कंपन्यांचा सीएसआर पैसा घ्यायचा तर संस्थेने भरायचा सीएसआर-1 फॉर्म, आणि कामाचा पूर आला. त्याच पैशातून कॅनडा कॉर्नरला ऑफिस घेतलं, भाड्याचंच, पण लिफ्ट आहे. सरांच्या गुडघ्यांसाठी ते महत्त्वाचं होतं.

आता सर आठवड्यातून दोन-तीन दिवस येतात. गावातलं ट्रेनिंग सुरगाण्याचीच एक मुलगी बघते, ती तिथली आदिवासी कोकणी बोलते त्यामुळे मी तासभर जे सांगते ते तिचं दहा मिनिटांत होतं. संस्थांमधलं सध्याचं मोठं काम म्हणजे पिढी बदलणं. ऐंशीच्या दशकात निघालेल्या संस्थांचे संस्थापक आता थकलेत, बोर्ड पण त्यांच्याच वयाचं, आणि घटनेत मुदतीचं कलमच नाही. मुलाला आणायचं की संस्थेतल्या कार्यकर्तीला सचिव करायचं, यावर आम्ही तीन-तीन मीटिंगा नुसतं ऐकत बसतो. याची फी काय लावायची हे मला अजून नीट जमलेलं नाही, सध्या दिवसाप्रमाणे लावते.

कुंभाचं काही काम आहे का असं हल्ली जो तो विचारतो, नाशकात दुसरा विषयच नाही. आमच्याकडे नाही. आमच्याकडे यंदा 12 एबीच्या रिन्युअलच्या फायली आहेत, वर्षाचं उत्पन्न 5 कोटींच्या आत असलेल्या संस्थांना आता ती नोंदणी 10 वर्षांची मिळू शकते पण 80 जी मात्र पाचच, त्यामुळे दोन्हीच्या तारखा वेगळ्या लिहून ठेवा. मंदिराच्या दोन गटांच्या भांडणात आम्ही पडत नाही, त्याला वकील बघा. बाकी कोणाला यायचं असेल तर फोन करून या, मंगळवारी आम्ही बहुतेक पेठला असतो.