सुईच्या आधीचा एक तास

मुलांमध्ये सर्वाधिक आढळणाऱ्या रक्ताच्या कर्करोगाचे उपचार साधारण 2 ते 3 वर्षं चालतात. तेवढ्या काळात सुया किती टोचल्या याची मोजदाद राहत नाही. पहिल्या चार-दोन सुया कशा गेल्या, यावर मात्र पुढचं बरंच ठरतं. मूल एकदा धास्तावलं की नुसतं हॉस्पिटलचं फाटक दिसलं तरी त्याच्या पोटात ढवळायला लागतं.

म्हणून बधीर करणाऱ्या मलमाचा आग्रह धरा. त्यात लिडोकेन आणि प्रिलोकेन ही दोन बधीर करणारी औषधं असतात, प्रत्येकी 2.5 टक्के. जाड थर द्यायचा, चोळायचा नाही, वर पारदर्शक चिकटपट्टी लावायची आणि किमान 60 मिनिटं थांबायचं. चुकतं ते इथेच. घाईत 15 मिनिटं आधी मलम लागतं, सुई दुखते, आणि ‘दुखणार नाही’ म्हणणाऱ्यावरचा मुलाचा विश्वास उडतो. शीर सापडेलच असं नाही, म्हणून दोन जागी लावून ठेवावं. मलमाने शीर आकसते. ते पुसल्यावर थोडा वेळ जाऊ दिला तर ती पुन्हा दिसू लागते. किती लावायचं हे डॉक्टरांनाच विचारा, तान्ह्या बाळासाठी तर नक्कीच.

‘मुंगी चावल्यासारखं वाटेल’ हे सांगू नका. ‘काही नाही होत’ हेही नको. ते पुन्हापुन्हा ऐकलं की मूल जास्त घाबरतं, कारण आता काहीतरी होणार हे त्यातूनच कळतं. ‘दाबल्यासारखं किंवा टोचल्यासारखं वाटेल, मी इथेच आहे, आपण फुगे उडवू’ एवढं पुरे. तीन-चार वर्षांच्या मुलाला त्याच दिवशी सांगावं, शाळकरी मुलाला काही दिवस आधी. सुई टोचायची की नाही, हे कधीच विचारू नका. कोणता हात, बघायचं की मान वळवायची, हे त्याला ठरवू द्या.

आडवं पाडून चौघांनी दाबून धरणं हा मला सगळ्यात वाईट प्रकार वाटतो. लहानग्याला मांडीवर, छातीशी छाती लावून बसवा, एक हात नर्सकडे मोकळा द्या. साबणाचे फुगे उडवताना श्वास आपोआप लांब सुटतो. झाल्यावर ‘शहाणं बाळ’ म्हणण्यापेक्षा ‘तू हात हलवला नाहीस’ असं नेमकं सांगा. पुढच्या वेळी त्याला तेच आठवायला हवं. रडलं तरी चालतं.

आणि एक गोष्ट, मूल विचारो न विचारो, सांगाच. लहान मुलांना वाटतं, आपण भावाला मारलं म्हणून हा आजार झाला. घरी राहिलेल्या भावंडालाही तसंच वाटतं, शिवाय आजार आपल्यालाही लागेल अशी भीती असते. दोघांनाही स्पष्ट सांगा: हा कुणामुळे झाला नाही, आणि एकाचा दुसऱ्याला लागत नाही.