ई-सिगारेटसाठी सेल निवडताना

वीस वर्षांची सिगारेट सोडण्यासाठी मी इंग्लंडमधल्या लेस्टर शहरात ई-सिगारेटकडे वळलो, तेव्हा तिच्यातल्या बॅटरीचा विचार माझ्या मनाला शिवलाही नव्हता. सुरुवातीला मी वापरून फेकून द्यायच्या ई-सिगारेटी घेत असे. १ जून २०२५ पासून ब्रिटनमध्ये त्यांच्या विक्रीवर बंदी आली आणि पुन्हा चार्ज करता येणारे उपकरण घेणे भाग पडले. दुकानात दोन प्रकार होते. एकात बॅटरी आतच बसवलेली होती आणि केबल जोडली की काम भागत होते. दुसऱ्यात १८६५० आकाराचे दोन सुटे सेल घालावे लागत होते. माझी गरज पहिल्या प्रकाराने सहज भागली असती, हे आज मान्य करतो. परंतु विद्युत अभियांत्रिकीची पदविका घेतलेल्या माणसाने दोन सेलना काय घाबरायचे, अशा फुशारकीत मी दुसरा प्रकार घरी आणला. उपकरणासोबत सेल मिळत नाहीत, हे घरी येऊन खोके उघडल्यावर कळले.

१८६५० या आकड्यात काही गूढ नाही. व्यास १८ मिलिमीटर, लांबी ६५ मिलिमीटर आणि शेवटचे शून्य म्हणजे गोल नळकांड्याचा आकार. असे सेल विजेरीत, लॅपटॉपच्या बॅटरीत, विजेवर चालणाऱ्या सायकलीत सगळीकडे असतात, आणि नेमकी तिथेच माझी फसगत झाली. आकार एक म्हणजे सेल एक, असे मी गृहीत धरले आणि एका ऑनलाइन विक्रेत्याकडून सर्वांत मोठा आकडा छापलेले दोन सेल मागवले. त्यांच्यावर ९९०० एमएएच (मिलिअँपिअर-तास, म्हणजे सेलच्या क्षमतेचे एकक) असे ठळक लिहिले होते. किंमत नामांकित सेलच्या निम्मी होती, तरीही मला शंका आली नाही.

शंका आली ती सेल हातात घेतल्यावर, कारण ते फारच हलके लागले. या आकाराच्या चांगल्या सेलचे वजन साधारण ४५ ते ४८ ग्रॅम असते, असे वाचल्यावर मी स्वयंपाकघरातला वजनकाटा काढला. बायको म्हणाली, "चकलीची भाजणी मोजायच्या काट्यावर तू हे काय ठेवलंयस?" काट्याने ३२ ग्रॅम दाखवले. पुढे शोध घेतला तेव्हा लक्षात आले की वजन करण्याचीसुद्धा गरज नव्हती. १८६५० आकारात आज चांगल्यात चांगल्या कारखान्यातून निघणाऱ्या सेलची क्षमता ३५०० एमएएचच्या आसपास थांबते. तेवढ्याशा नळकांड्यात ९९०० मावणे शक्यच नाही. असा आकडा छापणारा माणूस खोटे बोलतो आहे, एवढेच त्या वेष्टनावरून खात्रीने समजते. मी ते सेल उपकरणात घातलेच नाहीत.

त्यानंतर मी आधी गणित केले आणि मग खरेदीला निघालो. क्षमता म्हणजे सेल किती वेळ चालेल याचे माप. सुरक्षिततेचा प्रश्न वेगळा असतो: सेल न तापता सतत किती अँपिअर प्रवाह देऊ शकतो? माझे उपकरण नियंत्रित प्रकारचे आहे, म्हणजे त्यातले सर्किट वॉट ठरवते. मी जास्तीत जास्त ६० वॉटवर ते वापरतो, तेव्हा प्रत्येक सेलच्या वाट्याला ३० वॉट येतात. सेल उतरत जातो तसा त्याचा विद्युतदाब (व्होल्टेज) कमी होतो आणि तेवढेच वॉट देण्यासाठी प्रवाह वाढतो, त्यामुळे हिशेब भरलेल्या सेलच्या ४.२ व्होल्टवर न करता, उपकरण जिथे थांबते त्या सुमारे ३.२ व्होल्टवर करावा लागतो. ३० भागिले ३.२ म्हणजे ९.४ अँपिअर, आणि सर्किटमध्ये दहा टक्के ऊर्जा वाया जाते असे धरले तर १०.४. आता ३५०० एमएएचचे बरेचसे सेल सतत ८ ते १० अँपिअरच देतात. म्हणजे ते अस्सल असूनही माझ्या कामाचे नव्हते. याउलट सॅमसंगचा २५आर २५०० एमएएचचा असून २० अँपिअर देतो. त्याच कंपनीचा ३०क्यू ३००० एमएएच आणि १५ अँपिअरचा आहे. क्षमता वाढली की प्रवाह देण्याची ताकद बहुधा घटते, हा सौदा एकदा समजला की वेष्टनावरच्या मोठ्या आकड्याचा मोह आपोआप सुटतो. मी २५आर निश्चित केला.

ज्या उपकरणांत सर्किटच नसते, बटण दाबले की सेल थेट कॉइलला (द्रव तापवणाऱ्या तारेला) जोडला जातो, त्यांच्याबाबतीत ओहमचा नियम (प्रवाह म्हणजे विद्युतदाब भागिले तारेचा रोध) अधिक निष्ठुर आहे. ०.२ ओहमच्या कॉइलला भरलेला सेल जोडला की २१ अँपिअर वाहू लागतात आणि मध्ये थांबवणारे कोणी नसते. तशी उपकरणे हौशी लोक वापरतात. सिगारेट सोडू पाहणाऱ्या माणसाने त्यांच्या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

या वेळी मी लेस्टरमधल्या एका व्हेपच्या (ई-सिगारेटच्या) दुकानात प्रत्यक्ष गेलो. तिथल्या वयस्कर विक्रेत्याने सेल देण्याआधी मला त्याचा वरचा भाग नीट पाहायला लावला. आपल्याला वाटते की धन टोक वर आणि ऋण टोक खाली. वस्तुस्थिती अशी आहे की सेलचे संपूर्ण धातूचे नळकांडे ऋणच असते, अगदी वरच्या कडेपर्यंत, आणि धन टोकापासून त्याला वेगळे ठेवणारी एक छोटी चकती आणि त्यावरचे पातळ प्लास्टिकचे वेष्टन एवढाच आडोसा असतो. त्या कडेवर वेष्टन नखभर जरी फाटले, तरी उपकरणातल्या धातूच्या संपर्काने थेट शॉर्ट सर्किट होऊ शकते. खिशातल्या किल्ल्या आणि नाणी हेच काम करतात, आणि अनेकांच्या मांड्या अशाच भाजल्या आहेत. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने जानेवारी २०२१ मध्ये सुटे १८६५० सेल वापरूच नका, असा इशारा दिला होता. सॅमसंग आणि एलजीसारखे उत्पादकही हे सेल ग्राहकाच्या हाती सुटे पडू नयेत, असेच सांगतात. विक्रेत्याने हे माझ्यापासून लपवले नाही, उलट सेलबरोबर प्लास्टिकची डबी घेतल्याशिवाय विकणार नाही म्हणाला. एक पौंड जास्त गेला. त्याबद्दल मी त्याचा ऋणी आहे.

चार्जर मी वेगळा घेतला, कारण उपकरणातून चार्ज करण्यापेक्षा त्यात प्रत्येक सेलचा विद्युतदाब स्वतंत्रपणे दिसतो. तो ४.२ व्होल्टला थांबतो, हे पहिल्या खेपेला मल्टिमीटर लावून तपासले. प्रवाह १ अँपिअरच्या वर नेत नाही, त्यामुळे तीन तास लागतात, पण घाई कसली? रात्री चार्जर लावून झोपणे मात्र बंद केले. दोन्ही सेलवर शाईने एकच खूण केली आहे: ते एकत्र विकत घेतले, एकत्रच वापरायचे, एकत्रच चार्ज करायचे. जुना आणि नवा सेल जोडीला घातला तर अशक्त सेल आधी रिकामा होतो आणि दुसरा त्याला आणखी खाली खेचतो. पाच महिन्यांनी एका सेलचे वेष्टन खालच्या बाजूला खरचटलेले दिसले. नवे वेष्टन चढवून केसांच्या ड्रायरने आकसवता येते आणि ते मी केलेही. वरच्या कडेला फाटले असते तर सेलच बाद केला असता.

ते बनावट सेल बरेच दिवस कपाटात पडून होते. टाकायचे कसे, हा प्रश्न होता, कारण घरच्या कचऱ्यात लिथियमचे सेल गेले तर कचऱ्याच्या गाडीत दाबले जाऊन पेट घेतात. वर्षाला ३२ किलोंहून अधिक बॅटऱ्या विकणाऱ्या ब्रिटनमधल्या दुकानांना जुन्या बॅटऱ्या विनामूल्य परत घ्याव्याच लागतात, म्हणून दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून मी ते सुपरमार्केटच्या पेटीत टाकून आलो.

डिसेंबरात साताऱ्याला जायचे आहे. भारतात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटची आयात, विक्री आणि साठवण यांवर बंदी असल्यामुळे उपकरण लेस्टरलाच राहील. सेल पूर्ण भरून ठेवले तर लवकर म्हातारे होतात, तेव्हा जाण्याच्या आदल्या दिवशी ते ३.७ व्होल्टच्या आसपास उतरवून डबीत घालीन. सामानात निकोटिनच्या च्युइंगमच्या दोन पट्ट्या घेतल्या आहेत.