बोट सुटण्याआधीची मुंबई

शुक्रवार, रात्र

उद्या क्रूझची बोट. बॅगा दाराशी लागल्या आहेत आणि आता फक्त टॅग उरलेत.

हे टॅगचं काम वाटतं त्यापेक्षा महत्त्वाचं आहे. क्रूझवाले वेब चेक-इननंतर केबिन नंबर छापलेला कागदी टॅग पाठवतात. तो तसाच हँडलला अडकवला तर स्कॅनरच्या पट्ट्यावर फाटतो, आणि बिननावाची बॅग रात्री उशिरापर्यंत खाली पडून राहते. म्हणून कागदाची उभी पट्टी घडी करायची, हँडलभोवती गुंडाळायची, दोन स्टेपल मारायचे आणि वरून रुंद पारदर्शक चिकटपट्टी फिरवायची. केबिन नंबर आणि मोबाइल नंबर लिहिलेली एक चिठ्ठी बॅगेच्या आतही ठेवायची. जोडप्याने आणखी एक करावं: दोघांचे कपडे दोन्ही बॅगांत निम्मे-निम्मे भरावेत. एक बॅग उशिरा आली तरी दोघांचीही संध्याकाळ भागते.

धक्क्यावर सोपवलेलं सामान केबिनच्या दाराशी यायला काही तास लागतात. तेव्हा औषधं, चार्जर, पॉवर बँक, एकेक कपड्यांचा जोड आणि मूळ ओळखपत्र खांद्यावरच्या पिशवीत. झेरॉक्स चालत नाही. तिकिटावरचं नाव ओळखपत्राशी अक्षरन् अक्षर जुळलं पाहिजे. आपल्याकडे घोळ होतो तो मधल्या नावाचा आणि लग्नाआधीच्या आडनावाचा. तिकिटावर सासरचं, आधारवर माहेरचं. ही दुरुस्ती बुकिंग करतानाच करून घ्यायची, काउंटरवर त्यात तास जातो. इस्त्री, किटली, एक्स्टेंशन बोर्ड घरीच ठेवावेत. भर समुद्रात आगीइतकी धास्ती कशाचीच नसते, त्यामुळे स्कॅनरमध्ये या वस्तू दिसल्या की बॅग बाजूला निघते आणि मालकाला बोलावणं येतं.

शनिवार

पुण्याहून येणाऱ्यांना डेक्कन क्वीनसारखी सोय नाही. सकाळी सव्वासातला निघून साडेदहाच्या आत सीएसएमटी, आणि नाश्ता डायनिंग कारमध्ये. विमानाने येणाऱ्यांना आता मेट्रो ३ टर्मिनल दोनपासून सीएसएमटीपर्यंत थेट आणते. पुढे टॅक्सीच, कारण दक्षिण मुंबईत रिक्षा नाहीत. काळी-पिवळीचं किमान भाडं ३१ रुपये आहे. इतक्या जवळचं भाडं काही टॅक्सीवाले नाकारतात, म्हणून क्रूझच्या धक्क्याचं ठिकाण ‘ग्रीन गेट, बॅलार्ड पिअर’ असं नेमकं सांगावं. नुसतं ‘क्रूझ’ म्हटलं की एखादा गेटवेला नेऊन सोडतो.

मोठ्या बॅगा स्टेशनच्या क्लोक रूममध्ये ठेवता येतात. रेल्वेचं तिकीट आणि ओळखपत्र दाखवावं लागतं, आणि बॅगेला कुलूप नसेल तर ती घेतच नाहीत. दोन छोटी कुलपं घरूनच आणलेली बरी.

आता हातात तीनेक तास. इतक्या वेळात मुंबई ‘करायची’ म्हणून मरीन ड्राइव्ह, हाजी अली, गेटवे असं धावणारी जोडपी दमून, घामाघूम होऊन धक्क्यावर पोचतात. घारापुरीचा तर त्या दिवशी विचारही नको. लॉन्चला जायला तास, यायला तास, वर पायऱ्या. परतीची लॉन्च भरेपर्यंत सुटली नाही तर बोट हुकते. आमच्या मते बोटीच्या दिवशी फक्त बंदराची मुंबई बघावी. ती स्टेशन आणि ग्रीन गेट यांच्यामध्येच, पायी फिरण्याजोग्या टापूत आहे, आणि या शहराचं मूळही तेच आहे.

सुरुवात हॉर्निमन सर्कलपासून करावी. टाऊन हॉलच्या, म्हणजे एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयाच्या, पायऱ्या तीस. इमारत १८३३ची. समोर बाग, तिच्या पलीकडे सेंट थॉमस कॅथीड्रल. १७१८च्या नाताळात ते प्रार्थनेसाठी उघडलं, आणि मुंबईचे मैलाचे दगड तिथपासून मोजले जायचे. आत गेलात तर भिंतीवरचे संगमरवरी स्मृतिलेख वाचा: तापाने गेलेले, समुद्रावर गेलेले, विशी-तिशीत गेलेले. बोटीने येणं म्हणजे काय होतं ते तिथे कळतं.

तिथून पूर्वेला वळलं की बॅलार्ड इस्टेट. इथे मात्र घाई करू नये. रस्ते रुंद आणि सरळ, इमारती एका उंचीच्या, एका वळणाच्या, कारण आखणीच एका हाताची आहे: जॉर्ज विटेट, ज्याने पुढे गेटवे ऑफ इंडियाही उभारला. सगळ्यात मोलाची गोष्ट पायाखाली आहे. ही जमीन मुळात समुद्र होती. शेजारी अलेक्झांड्रा गोदी, म्हणजे आजची इंदिरा गोदी, खणताना निघालेली माती-दगड इथे टाकून भर घातली आणि १९०८ ते १९१४ या काळात त्यावर ही वसाहत उभी राहिली. एकीकडे खड्डा, दुसरीकडे भर; गोदी आणि कचेऱ्या दोन्ही एकाच कामातून झाल्या. नाव पडलं कर्नल बॅलार्डवरून, १८७३मध्ये स्थापन झालेल्या पोर्ट ट्रस्टचा तो पहिला अध्यक्ष. पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या बंदराच्या माणसांचा स्मृतिस्तंभही इथेच आहे.

धक्क्यालगत एके काळी बॅलार्ड पिअर मोल नावाचं रेल्वे स्टेशन होतं. विलायतेची टपाल बोटीतून उतरायची आणि पंजाब लिमिटेड या आगगाडीत चढून तशीच पेशावरकडे जायची. आज तिथे त्या फलाटाची खूण शोधत बसू नये, आतल्या भागात जायची परवानगीही नसते.

उत्तरेकडच्या गोद्यांबद्दल एवढं तरी ठाऊक असावं. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ बोटीला आग लागली. एकाच बोटीत कापसाच्या गाठी आणि स्फोटकं, सुमारे १४०० टन. दुपारी चारनंतर ती फुटली, मग पुन्हा फुटली. शेकडो माणसं गेली, त्यांत आग विझवायला गेलेले ६६ अग्निशामक होते. देशभर १४ एप्रिलला अग्निशमन दिन पाळतात तो त्यांच्यासाठी. ती गोदी आता बुजवलेली आहे. बॅगेतली किटली का काढून घेतात याचं उत्तर या किनाऱ्याने फार मोठी किंमत मोजून दिलं आहे.

जेवण ब्रिटानियात. १९२३पासूनचं इराणी हॉटेल, बेरी पुलावासाठी नाव. त्यातल्या लाल आंबट बिया म्हणजे झेरेश्क, इराणी बारबेरी. भात भरपूर असतो, दोघांत एक पुलाव आणि एक कॅरॅमल कस्टर्ड पुरतं. बाराच्या सुमाराला पोचावं, एकनंतर रांग लागते. तुडुंब जेवू नये. ज्यांना बोट लागते त्यांनी तर मुळीच नाही.

बोट लागण्याची गोळी मळमळ सुरू झाल्यावर घेऊन फारसा उपयोग नसतो. अॅव्होमिनसारखी गोळी निघण्याआधी तास-दोन तास घ्यावी लागते. तिने झोप येते, म्हणून डॉक्टरांना विचारून घ्यावी आणि त्यावर दारू घेऊ नये. ऑक्टोबर ते मे समुद्र बहुधा शांत असतो. तरीही केबिन निवडताना बोटीच्या मध्यभागी, खालच्या मजल्यावरची घ्यावी, तिथे हेलकावे सगळ्यांत कमी. वरच्या टोकाची केबिन महाग असते आणि झोके जास्त खाते.

ग्रीन गेटवर सीआयएसएफचे जवान तिकीट आणि ओळखपत्र बघून आत सोडतात. गोदीत फोटो काढू नयेत. बोर्डिंगची जी वेळ छापून आली असेल तिच्या आसपासच जावं. फार आधी गेलात तर नुसतं बसणं, आणि सुटायच्या तासभर आधी गेलात तर दार बंद. नवं आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनल सप्टेंबर २०२५मध्ये सुरू झालं, काउंटर भरपूर आहेत, तरी एकाच वेळी सगळी बोट येऊन उभी राहिली की रांग लागतेच.

शिडीवर पाय ठेवताना तिचा उतार बघा. इंदिरा गोदीच्या आतलं पाणी दरवाज्यांनी अडवलेलं असतं, त्यामुळे तिथल्या बोटी एकाच पातळीवर राहतात. क्रूझ लागते बाहेरच्या धक्क्याला, दरवाज्यांच्या अलीकडे, आणि तिथे भरती-ओहोटीचा खेळ उघडा चालतो. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, मुंबईला पाण्याच्या पातळीत चार मीटरहून जास्त फरक पडतो; भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, त्याहून बराच कमी. भरतीला बोट वर येते आणि शिडी चढी होते, ओहोटीला ती खाली जाते. धक्क्यावरचे खलाशी दोर कधी ढिले सोडतात, कधी ताणतात, ते याच हिशोबाने. कोकणातला आडाखा इथेही कामाला येतो: तिथीची पाऊणपट केली की साधारण भरतीची वेळ. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. गुडघे दुखणारं कोणी बरोबर असेल तर ही वेळ बघून ठेवावी.

सुटण्याआधी किंवा सुटताच लाइफजॅकेटची कवायत होते. सात आखूड भोंगे आणि एक लांब. ती चुकवू नये, आपली जमण्याची जागा दोघांनीही स्वतःच्या डोळ्यांनी बघून यावी.

मग डेकवर उजव्या बाजूला उभं राहा. बोट दक्षिणेला तोंड करून निघाली की मुंबई उजवीकडे असते, मावळतीही तिकडेच. गेटवे इथून बघावा. तो समुद्रातून येणाऱ्यासाठीच बांधलेला आहे, खाली गर्दीत उभं राहून तो पुरा कळत नाही. पुढे कुलाबा, मग टोकाशी प्राँग्ज दीपगृह. नंतर डावीकडे जायचं: खांदेरी-उंदेरी ही जलदुर्गांची जोडी. महाराजांनी १६७९मध्ये खांदेरीचं बांधकाम काढलं तेव्हा इंग्रजांना ते का झोंबलं, हे बंदराच्या तोंडाशी आल्यावर नकाशाविना कळतं. २०२५मध्ये मराठा लष्करी किल्ल्यांबरोबर तो जागतिक वारशाच्या यादीत गेला. हिवाळ्यात सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो, बोट त्याआधी सुटली तरच किल्ला दिसतो, एरवी फक्त दीपगृहाचा दिवा. लहान दुर्बीण जरूर न्यावी.

किनाऱ्याचं नेटवर्क जायच्या आधी घरी फोन करून मोबाइल विमान मोडवर टाका. बोटीवरचं उपग्रह नेटवर्क फोन आपोआप पकडतो आणि मेरिटाइम रोमिंगचं बिल तिकिटाच्या जवळ जाऊ शकतं. वायफाय हवंच असेल तर बोटीचं पॅकेज घ्यावं, तेही दोघांत एका फोनवर.