आधी जमलंय काय, ते सांगा: लेगोच्या चाचे-जहाजांवर अभिप्राय देतानाचा माझा अनुभव

लेगोच्या ठोकळ्यांतून आपल्या मनानं काही ना काही रचणाऱ्या आम्हा मंडळींनी एका प्रदर्शनासाठी चाच्यांचं बंदर मांडायचं ठरवलं. पाण्यात जहाजं, काठावर किल्ला, जकातघर, गोदामं. ज्यानं त्यानं आपला भाग घरी बांधायचा, अधूनमधून फोटो पाठवायचे आणि शेवटी सगळं एका टेबलावर जुळवायचं. काम चालू असताना प्रत्येकाचं बांधकाम बघून अभिप्राय द्यायची जबाबदारी माझ्याकडे आली. मी ती आनंदानं घेतली. शिडाची जहाजं हा माझा जिव्हाळ्याचा विषय, आणि दुसऱ्यानं रचलेलं बारकाईनं बघण्यात मला स्वतः रचण्याइतकाच रस आहे.

पहिले फोटो आले ते बहुतेक टेबलाजवळ उभं राहून, वरून काढलेले. जहाज वरून पाहिलं की डेक दिसतो, पण त्याची ठेवण कळत नाही. म्हणून सगळ्यांना सांगितलं, की एक फोटो कॅमेरा पाण्याच्या रेषेइतका खाली आणून अगदी बाजूनं काढा, एक पुढून तिरपा, एक मागून, आणि एका तरी फोटोत डेकवर मिनिफिगर, म्हणजे लेगोची छोटी माणसाची बाहुली, उभी असू द्या. जहाज काळं असेल तर उजेड एका बाजूनं पडू द्या. समोरून फ्लॅश मारला की काळ्या विटांचा नुसता डाग दिसतो आणि कितीतरी रात्रींची मेहनत त्यात बुडून जाते. मिनिफिगरचा आग्रह प्रमाणासाठी होता. कठडा तिच्या कमरेपर्यंत येतो का, टोपीसकट ती दारातून आत जाते का, तोफेच्या मागे उभं राहायला जागा उरते का, हे एका फोटोत समजतं. एरवी त्यावर कितीही बोललो तरी नेमकं काही हाती लागत नाही.

फोटो आले तरी मी लगेच बोलत नसे. आधी एकच प्रश्न: तुला हे कशासारखं दिसायला हवंय? चाचे-जहाजांच्या बाबतीत या प्रश्नावाचून पुढे जाताच येत नाही. लेगोची चाच्यांची मालिका 1989 साली आली. तोवर मिनिफिगरचा चेहरा म्हणजे दोन ठिपके आणि एक हसू. या मालिकेनं दाढी, डोळ्यावरची पट्टी, हाताच्या जागी आकडा आणि लाकडी पाय आणले. 'ब्लॅक सीज बराकुडा' हे तिचं मोठं जहाज, लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या कापडी शिडांचं. आमच्यातल्या बऱ्याच जणांच्या डोक्यात तेच चित्र पक्कं बसलंय. दुसरीकडे काहींना खऱ्या युद्धनौकेच्या जवळ जायचं असतं. खऱ्या जहाजाची बाजू पाण्याच्या वर आतल्या अंगाला झुकत जाते, म्हणजे वरच्या मजल्यावरच्या तोफांचं वजन जहाजाच्या मध्याकडे राहतं. ज्याला खरं जहाज हवंय त्याला ही झुकती बाजू बिजागरीच्या प्लेट (पातळ, चपटे ठोकळे) वापरून कशी साधायची ते सांगण्यात अर्थ आहे. ज्याला 1989 चा थाट हवाय त्याला हेच सांगितलं, तर आपण त्याच्या हातातलं जहाज काढून घेऊन आपलं जहाज त्याच्या टेबलावर ठेवतोय.

मोठं जहाज एका कॉलेजातल्या मुलाकडे होतं. त्याचं उत्तर स्वच्छ होतं: "ताई, मला जुन्या सेटसारखंच हवंय, फक्त मोठं." लेगोचे तयार तळाचे तुकडे वापरून त्यानं सांगाडा उभा केला होता. पुढचा, मधले आणि मागचा. ही तळाची जुनी पद्धत, रुंदी सोळा स्टड (ठोकळ्यावरची गोल बोंडं, लेगोतली मापं त्यांतच मोजतात).

त्याचं जहाज मला पहिल्या नजरेला ठेंगणं वाटलं. मागचा मनोरा उंच, मधला डेक आखूड, दोन्ही डोलकाठ्या एकमेकींना चिकटल्यासारख्या. पण सुरुवात मी तिथून केली नाही. नाळेखाली, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाखाली, त्यानं उलटे स्लोप (तिरप्या बाजूचे ठोकळे) आणि छोटे वक्र तुकडे अशा क्रमानं लावले होते, की पुढची रेषा पाण्यातून एका दमात वर उठत होती. डेकच्या तपकिरी टाइलमध्ये (वर स्टड नसलेले गुळगुळीत तुकडे) मधूनच एखादी फिकी टाइल होती, त्यामुळे फळ्या वापरून झिजल्यासारख्या दिसत. ही दोन ठिकाणं मी फोटोवर गोल करून पाठवली आणि लिहिलं, यातलं काही हलवू नकोस.

त्याचं लगेच उत्तर आलं: "बरं झालं सांगितलंत. लांबी वाढवायची म्हणून मी नाळच आधी उसकटणार होतो."

अभिप्रायाबद्दल माझं जे काही मत आहे ते या एका उत्तरात आहे. कौतुक हे लोकांना गोड वाटावं म्हणून करायचं नसतं. विटांचं बांधकाम सतत मोडलं जातं आणि पुन्हा बांधलं जातं. आपल्या कामात नेमकं काय जमलंय हे बांधणाऱ्याला कुणी सांगितलं नाही, तर सुधारणेच्या भरात तो सगळ्यात चांगला भागच आधी पाडतो, कारण रोज बघून बघून त्याला तो दिसेनासा झालेला असतो. "एक नंबर!" म्हणणाऱ्याचं मन चांगलंच असतं, पण तेवढ्यानं कुठली वीट वाचत नाही. "नाळेखालच्या उलट्या स्लोपची रांग" म्हटलं की ती वाचते.

मग ठेंगणेपणा. मी दोन वाटा सुचवल्या. तळाचा आणखी एक मधला तुकडा घालायचा. तो आठ स्टड लांब, म्हणजे जहाज 64 मिलिमीटरनं वाढेल, पण डोलकाठ्यांच्या जागा नव्यानं ठरवाव्या लागतील. किंवा मागचा मनोरा एका मजल्यानं उतरवायचा. दुसरी वाट स्वस्त, कारण त्यात नवे तुकडे लागत नाहीत. त्यानं काही दिवस विचार केला आणि पहिली निवडली. मनोऱ्यातली कप्तानाची खोली त्यानं आतून सजवली होती, टेबल, नकाशा, खजिन्याची पेटी सगळं मांडून. ती त्याला मोडवत नव्हती. मला हे कारण पूर्ण पटलं.

मध्यंतरी त्यानं एका फटीचा फोटो पाठवला. तोफांच्या खिडक्यांच्या रांगेत त्यानं काही तुकडे आडवे बसवले होते, म्हणजे स्टड वर नव्हेत तर बाहेरच्या बाजूला. रचना सुंदर होती, पण तिच्या वर एक बारीक आडवी फट राहत होती आणि आतला उजेड बाहेर दिसायचा. तो म्हणाला, "ही काही जाणार नाही, मी झेंड्याखाली झाकतो." फट झाकायची गरज नव्हती, मोजायची होती. वीट 9.6 मिलिमीटर उंच, प्लेट तिच्या एक तृतीयांश, 3.2. स्टडपासून स्टडचं अंतर 8. त्याचा आडवा तुकडा दोन स्टडचा, म्हणजे 16 मिलिमीटर. शेजारच्या भिंतीत त्यानं एकावर एक दोन विटा घेतल्या होत्या, म्हणजे 19.2. फरक 3.2, बरोबर एका प्लेटचा. दोनांपैकी एका विटेच्या जागी दोन प्लेट घेतल्या की भिंतही 16 वर येते. पाच प्लेटची उंची म्हणजे दोन स्टडची रुंदी, हे गणित एकदा हाताला बसलं की आडव्या बांधणीतली निम्मी भीती जाते. मी त्याला आकडे मांडून दाखवले, कुठल्या विटा काढायच्या ते मात्र सांगितलं नाही. ते त्यानं शोधलं, आणि शोधताना खिडक्यांची झाकणंही सरळ एका रेषेत आणली. तेवढं मला सुचलं नसतं.

शिडं लागल्यावर आणखी एक गोष्ट दिसली. शिडं पुढच्या बाजूला फुगलेली, म्हणजे वारा मागून येतोय. आणि डोलकाठीच्या टोकावरचा कवटीचा झेंडा मात्र मागे फडकत होता. मोटारीवरचा झेंडा मागे जातो, म्हणून डोळ्याला ते बरोबर वाटतं. शिडाच्या जहाजावर ज्या वाऱ्यानं शीड भरतं त्याच वाऱ्यानं झेंडाही उडतो, आणि मागून वारा असेल तर तो पुढेच जाणार. हे सांगताना मी मुद्दाम लिहिलं, की हा तुझ्या बांधणीतला दोष नाही, क्लिप फिरवायचा प्रश्न आहे. छोटी दुरुस्ती छोट्या आवाजातच सांगावी, नाहीतर माणसाला वाटतं सगळं जहाजच चुकलंय. दोरशिड्यांबद्दलही सांगितलं. त्या डोलकाठीच्या बरोबर शेजारी नसतात, कठड्यावर थोड्या मागे बांधलेल्या असतात, कारण शिडं डोलकाठीला पुढे ओढतात आणि त्यांना ती मागे धरून ठेवायची असते. एका स्टडनं मागे घेतल्या आणि जहाज चालू लागल्यासारखं दिसलं.

किल्ला आणि जकातघर एका काकांकडे होतं. इमारतींवर बोलताना जहाजासारखी घाई करता येत नाही, कारण भिंतीत चूक अशी नसते, नुसता कंटाळा असतो. काकांची राखाडी भिंत मजबूत होती, पण सपाट. त्यांना मी इतकंच सुचवलं, की जमिनीला टेकणाऱ्या दोन-तीन थरांत गडद राखाडी आणि थोडा हिरवा येऊ द्या, कारण ओल तिथेच चढते. विटांचे सांधे कोरलेल्या त्या खास विटा कोपऱ्यांजवळ आणि खिडकीखाली घाला, भिंतभर पसरू नका. पोपडे सगळीकडे दाखवले की कुठेच दिसत नाहीत. खिडक्यांसाठी जंपर प्लेट. तिच्यावर स्टड मधोमध असतो, त्यामुळे खिडकी अर्ध्या स्टडनं, चार मिलिमीटर, आत सरकते. तेवढ्यानं चौकटीखाली सावली पडते आणि भिंतीला जाडी येते. या चार मिलिमीटरवर माझा फार जीव आहे, खरंच. कुणाच्याही इमारतीवर मला एकच गोष्ट सुचवायची मुभा असली तर मी हीच सुचवीन.

बुरूज थोडा उतरवा असंही म्हटलं होतं, जहाजाच्या डोलकाठ्यांशी त्याची उंची भांडत होती म्हणून. काकांनी ठाम नकार दिला. "बंदराच्या तोंडावर नजर ठेवायला बुरूज बांधलाय. खाली घेतला तर तोफेसमोर आमचंच गोदाम येईल." मी मिनिफिगरच्या डोळ्यांच्या उंचीवर फोन ठेवून मांडणीचा फोटो काढून बघितला. काका म्हणत होते तसंच होतं. बुरूज राहिला, आणि गोदाम कुठं ठेवायचं ते त्यावरून ठरलं.

गटातल्या एकीच्या मुलीनंही जहाज आणलं. हातात येतील त्या रंगांचं, तीन नांगर आणि डेकवर घोडा. इथे रंगसंगतीचा विषयच नव्हता. घोडा का, विचारलं. "बेटावर उतरल्यावर कप्तान चालणार नाही, त्याचा एक पाय लाकडी आहे." इतकं नीट विचार केलेलं जहाज त्या टेबलावर दुसरं नव्हतं, आणि मी तिला तसं सांगितलं. तिची अडचण वेगळी होती, उचललं की जहाज मधोमध तुटायचं. खालून पाहिलं तर सगळे सांधे एकाच रेषेत आलेले. वरच्या थराची प्लेट खालच्या दोन प्लेटच्या सांध्यावर यायला हवी, हे मी एका जागी करून दाखवलं, बाकी तिनं केलं. नंतर ती जहाज एका हातात घेऊन खोलीभर वादळातून नेत होती.

अशी दाद देण्या-घेण्यातून कुठवर जाता येतं, त्याचं एक मोठं उदाहरण डोळ्यासमोर आहे. 2020 साली आलेला 'पायरेट्स ऑफ बराकुडा बे' हा 2545 तुकड्यांचा सेट एका चाहत्याच्या कल्पनेवरून झाला. लेगो आयडियाज या चाहत्यांच्या कल्पनांसाठीच्या कंपनीच्या संकेतस्थळावर 10,000 लोकांचा पाठिंबा मिळाला, की कल्पना कंपनीच्या विचारात घेतली जाते, त्या वाटेनं. बेटावर फुटून पडलेलं जुनं जहाज, आणि तेच तुकडे जोडून पुन्हा अख्खं जहाज करता येतं. कॉलेजातल्या मुलाला मी हे सांगितलं तेव्हा त्याचं जहाज पूर्ण होत आलं होतं.

एका बाबतीत आमचं अजून जमलेलं नाही. कप्तानाच्या खोलीच्या मागच्या खिडक्यांना त्यानं सगळीकडे पारदर्शक पिवळे तुकडे लावलेत. मला वाटतं कडेच्या दोन खिडक्या काळपट पारदर्शक असत्या, तर आत एकच कंदील पेटलाय असं दिसलं असतं. तो म्हणतो, आत खराच दिवा बसवणार आहे, तारेला जागा काढून ठेवलीय, तेव्हा आत्ताच ठरवू नका. दिवा बसला की मागून, खोली अंधारी करून काढलेला फोटो पाठव, असं मी त्याला कळवलंय.