पुढे झुकलेली अक्षरं

मे महिन्यात दापोलीहून हर्णैकडे उतरताना रस्त्याच्या कडेला फ्लेक्सच फ्लेक्स. टेनिस बॉल क्रिकेट, कबड्डी, कुणाच्या तरी नावाचा चषक. मजकूर ठरलेला असतो, 'भव्य' हा शब्द तर सक्तीचाच. बदललंय ते अक्षर. जाडजूड, कोनदार, किंचित पुढे झुकलेलं, कोपरे कोयत्याने तासल्यासारखे. वाचेपर्यंत आपण दोन पावलं मागे पडलोय असं वाटायला लावणारं.

मला हे अक्षर आवडतं, पण देवनागरीला ते सहज जमत नाही. आपली अक्षरं घडली तिरप्या कापाच्या बोरूने. जाड-बारीक रेषा, गोल वळणं ही त्या कापाची देणगी. कोनदार फॉन्ट ती वळणं मोडून सरळ करतो. 'व' किंवा 'न' तक्रार करत नाही. 'ठ' चौकोनी होऊन बसतो. पण केळशीच्या 'ळ'ला कोपरे काढले की तो नक्की कुठे संपतो तेच कळत नाही, आणि मराठी 'ल'च्या दोन पाकळ्यांचे दोन खिळे होतात.

त्यात जाडी. रेषा जाड झाली की अक्षराच्या पोटातली मोकळी जागा बुजते. स्पर्धेच्या फ्लेक्सवरचा 'स्पर्धा' हाच शब्द घ्या: अर्धा स, डोक्यावर रफार, धाची गाठ, वर शिरोरेषा. चांगला फॉन्टकार गर्दीच्या जागी रेषा हळूच बारीक करतो आणि आपल्याला पत्ता लागू देत नाही. 'सिंधुदुर्ग' तर डोक्यावर वेलांटी, अनुस्वार, रफार आणि पायात दोन उकार घेऊन येतो. त्याच्या खाली दुसरी ओळ चिकटवली की उकार खालच्या वेलांटीत अडकलाच. अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीचा 'टेको' (२०१४) हा फॉन्ट मला म्हणूनच समजूतदार वाटतो. गोलाईच्या बाजू सरळ केल्या, अंग अरुंद ठेवलं, हलक्यापासून ठळकपर्यंत पाच वजनं दिली. तो झुकतही नाही, तरी लांबून वाचता येतो.

क्रिकेटला हे सगळं शोभतं. माझी कुरकुर हापूसच्या पेटीवर आहे. जे फळ अढीत गवतावर निवांत पडून पिकतं, त्याच्या नावाला एवढी घाई कशाला? शेजारच्या बागायतदार पोराने यंदा पेट्यांवर असलंच धावतं अक्षर छापून आणलं. मी नाक मुरडलं, तर म्हणाला, "काकी, वाशीच्या बाजारात थप्पी लागते. त्यात आपली पेटी दिसायला नको?"

मुद्दा बिनतोड होता. मी म्हटलं, "दिसू दे की. फक्त रत्नागिरीतला 'त्न' आधी सोडव, त्याचा नुसता ठिपका झालाय."