मामाच्या दारातला काळा दगड

गोव्यात रिवणला मामाच्या घरी पुढचं दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून एक काळा दगड लावलेला असतो. असोल्या नारळाएवढा, पण उचलायला गेलं की मनगट लचकावं असा जड. घरात सगळे त्याला 'लोखंडाचा दगड' म्हणतात. मी डिचोलीत वाढलो. आमच्याकडे खनिज म्हणजे लोहखनिज, त्यामुळे मलाही कधी शंका आली नव्हती.

मुलीला शाळेत 'पाच खनिजे ओळखा' असा प्रकल्प मिळाला. तिच्या यादीत पहिलाच होता चिरा! चिरा म्हणजे जांभा, तो खडक. बऱ्याच खनिजांची भेसळ. खनिज निसर्गात तयार झालेलं, घन, ठरावीक रासायनिक घडणीचं आणि आतून अणूंची शिस्तशीर मांडणी असलेलं लागतं. शिंपलाही गळला, कारण तो प्राण्यानं बनवलेला. मग आठवला मामाचा दगड. त्याचा लिंबाएवढा ढलपा मागून आणला.

आधी कस, म्हणजे घासल्यावर उमटणाऱ्या रेघेचा रंग. बाथरूमच्या उरलेल्या पांढऱ्या टाइलवर घासला तर नुसता घसरला. चकचकीत बाजूवर घासत होतो! उलटी, खरखरीत बाजू घेतली तेव्हा कुठे रेघ उमटली. लोहखनिजांपैकी हेमॅटाइट वरून कितीही काळा असला तरी त्याची रेघ तांबडी येते आणि गोएथाइटची पिवळट तपकिरी. ही आली कोळशासारखी काळी. मॅग्नेटाइट या लोहखनिजाचीही काळीच येते, पण त्याला चुंबक चिकटतं, म्हणून फ्रिजवरचं चुंबक काढून लावलं. ढिम्म चिकटेना.

मग वजन. ढलपा भरला १७२ ग्रॅम. काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून आकडा शून्यावर आणला आणि ढलपा दोऱ्यानं पाण्यात लोंबकळत ठेवला. तळाला टेकू द्यायचा नाही, नाहीतर सगळं मुसळ केरात. आकडा ४० ग्रॅमनं चढला. भागाकार ४.३, म्हणजे ढलपा तेवढ्याच पाण्याच्या ४.३ पट जड. गारगोटी २.६५ च्या आसपास असते, म्हणजे हे धातूचं काहीतरी नक्की.

एव्हाना आमची बोटं काजळ लागल्यासारखी काळी झाली होती. पायरोल्युसाइट, म्हणजे मँगनीज डायऑक्साइड, हात असेच काळे करतो. खात्रीसाठी औषधाच्या डब्यातल्या हायड्रोजन पेरॉक्साइडचे दोन थेंब ढलप्यावर सोडले. फसफसून फेस! मँगनीज डायऑक्साइड पेरॉक्साइडमधला ऑक्सिजन झपाट्यानं मोकळा करतो. कॉलेजात भूविज्ञान शिकवणाऱ्या एका ओळखीच्या बाईंना दाखवलं, तर त्या म्हणाल्या, "मँगनीजच. रिवणचं आहे ना? मग नवल काय!"

मामाला फोन केला. त्याला फारसं काही वाटलं नाही. मामीनं मात्र फोन ओढून घेतला. दारामागच्या भिंतीवर दर वर्षी काळे डाग पडतात आणि मे महिन्यात आलेल्या भाचरांना ती हात धुतले नाहीत म्हणून फटकावत आली आहे. त्यात मीही होतो.

"म्हणजे तो दगडच?" ती म्हणाली आणि बराच वेळ हसत राहिली.